खाणीत नवीन लागलाय? मग लागलेलं लपवू नका

मायनिंगचा डिप्लोमा हातात पडला की पोरं फोन करतात, दादा पीडीपीटी (डिप्लोमानंतरचं खाणीतलं ट्रेनिंग) कुठे मिळेल, सरदारच्या (खाली सुरक्षा तपासणारा) परीक्षेत काय विचारतात, ओव्हरमनला (सरदारच्या वरचा, पाळीचा सुपरवायझर) हातात किती पडतात. सगळं विचारतात, पण खाली काम करताना लागलं तर काय करायचं हे आजपर्यंत एकानेही विचारलं नाही, आणि मीही नवीन असताना विचारलं नव्हतं. अकरा वर्षं झाली, पहिली सात अंडरग्राउंडला आणि नंतर ओपनकास्टला, म्हणजे उघड्या खाणीत, दोन्ही चंद्रपूर भागातच. खाणींची नावं लिहीत नाही, त्याची गरजही नाही.

ट्रेनिंगच्या तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. हॉलेजवर, म्हणजे कोळशाचे टब (रुळावरचे डबे) दोराने ओढतात तिथे, एक काका ट्रॅमर (टब जोडणारे, ढकलणारे) होते, पन्नाशी ओलांडलेले, मला लय जीव लावायचे. दोन टबांची कडी अडकवताना मागचा टब अर्धा फूट सरकला आणि डाव्या हाताचं मधलं बोट मध्ये सापडलं. ओरडले नाहीत. गमछा गुंडाळला, हात पाठीमागे घेतला आणि तसेच उभे राहिले. माझ्या टोपीवरच्या कॅप लॅम्पच्या उजेडात रुळावर थेंब पडताना दिसले म्हणून मला कळलं. मी म्हटलं काका वर चला, तर म्हणे, "साहेब, कायले लिहून राहिले, काही नाही झालं, उगाच सरदारच्या मागे चौकशी लागन." तेवढ्यात एक सिनियर आले, त्यांनी पण सांगितलं की घरी दरवाजात सापडलं म्हणून सांग, दोन दिवस लॅम्प रूममध्ये (जिथे लॅम्प घेतात आणि जमा करतात) बसून हजेरी लाव, जमून जाईल. मी ट्रेनी, गप्प बसलो.

बोटात तांब्याची अंगठी होती. ती त्याच वेळी काढायला पाहिजे होती, कारण चेंगरलेलं बोट बघता बघता सुजतं आणि मग अंगठीच फास बनते, खालचा रक्तपुरवठा बंद. चौथ्या दिवशी बोट काळं पडलं, शहरातल्या दवाखान्यात अंगठी कापून काढावी लागली आणि बोटाची दोन पेरं गेली. वरून ड्युटीवरची इजा, म्हणजे आपण आयओडी म्हणतो ती, मान्य होईना, कारण त्या तारखेला रजिस्टरमध्ये ओळच नव्हती.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, जे लागलं ते त्याच पाळीत, वर येऊन, लिहून द्यायचं. खरचटलं असेल तरी.

आता हे लपवणं का चालतं ते समजून घ्या, म्हणजे कोणी दबाव टाकला तर तुम्हाला कळेल काय चाललंय. खाण अधिनियम 1952 मध्ये इजेचे प्रकार पाडले होते. माणूस 72 तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही तर ती रिपोर्टेबल, म्हणजे वर कळवायचीच, धरायचे. आणि अवयव कायमचा गेला, डोळा किंवा कान कायमचा गेला, कायमचं अपंगत्व आलं किंवा हाड मोडलं तर ती सीरियस, त्यात हातापायाच्या बोटाचं मोडलेलं हाडसुद्धा धरलंय. म्हणजे "बोट तर मोडलंय फक्त" असं कोणी म्हणालं तरी कायद्यात ती गंभीर इजाच. म्हणून मग काय होतं, पट्टी बांधलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून हजेरी लावतात, गैरहजेरीचे तास भरू देत नाहीत, आणि आकडा कागदावर चढत नाही. याला लोक मदत समजतात, साहेबाने सांभाळून घेतलं म्हणतात. मला ते पटत नाही आणि कधी पटणारही नाही. आता त्या कायद्याच्या जागी नवे लेबर कोड आलेत, कागद बदलतील, पण हाड ते हाडच.

लिहायचं कसं, तर साधं. वेळ, जागा (नुसतं "खाली" नाही, कितवी लेव्हल म्हणजे आडवा बोगदा, कितवा डिप म्हणजे उतरता बोगदा), काय काम चालू होतं, बाजूला कोण होतं, प्रथमोपचार कोणी दिला. मोबाइल, विडी, काडेपेटी खाली न्यायला बंदीच आहे त्यामुळे फोटोचा विषयच नाही, खिशात छोटी डायरी आणि पेन्सिल ठेवा. पेन्सिलच, कारण घामाने आणि पाण्याने पेनाची शाई पसरते. आणि माणूस मेला किंवा सीरियस लागलं तर जखमीला काढायला किंवा पुढचा धोका टाळायला जे हलवावं लागेल तेवढंच हलवा, बाकी जागा तशीच राहू द्या, सरकारी खाण इन्स्पेक्टर येऊन बघेपर्यंत. "साफसफाई करून घ्या लवकर" असं सांगणारे भेटतील, तेव्हा हे आठवा.

ट्रेनिंगमध्ये चासनाला (धनबादजवळची कोळसा खाण) इथला अपघात शिकवतात, 27 डिसेंबर 1975, पाणी घुसलं आणि 375 माणसं गेली. शिकवायलाच पाहिजे. पण मी जेवढं पाहिलं त्यात माणसं एकेक करून जखमी होतात, छताचा एखादा दगड, हॉलेजचा दोर, टब, बेल्टमध्ये अडकलेली बाही, ओपनकास्टला डंपर. पेपरात दोन ओळी येतात, कधी तेवढ्याही येत नाहीत.

छताबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण अंडरग्राउंडला सगळ्यात जास्त भीती त्याचीच. फेसवर, म्हणजे कोळसा काढतात त्या जागी, गेलात की आधी मायनिंग सरदार आणि ड्रेसर (सुटलेलं छत पाडणारा) काय करतात ते बघा. हातात लांब सब्बल असते, टोकाने छत ठोकतात आणि दुसऱ्या हाताची बोटं छताला लावून ठेवतात. टण्ण वाजलं तर छत घट्ट, ढब असा पोकळ आवाज आला किंवा बोटांना थरथर जाणवली तर आतला थर सुटलाय. मग तो सुटलेला भाग पाडायचा, पाडणारा नेहमी सपोर्टखाली उभा राहणार, आणि मागे पळायची वाट मोकळी पाहिजे, तिथे टोपली, केबल, काही पडलेलं नको. डिपिलरिंग (छताला आधार देणारे कोळशाचे खांब काढणं) चालू असेल तर छत बोलतं असं जुने लोक म्हणतात, आणि ते खरं आहे, कडकड असा बारीक आवाज येतो, लाकडी प्रॉपच्या डोक्याकडून चिरफळ्या निघायला लागतात, वरून बारीक माती गळते. यातलं एक जरी दिसलं तर परवानगी मागत बसायचं नाही, सगळ्यांना घेऊन मागे यायचं.

आणि दगड पडून कोणी खाली सापडला तर आपली पहिली उर्मी असते काखेत हात घालून ओढायची. मी दोनदा लोकांना ओरडून थांबवलंय. वरून आणखी पडणार असेल तर ओढावंच लागेल, पण छत शांत असेल तर आधी वर सपोर्ट द्या आणि मग मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून चार जणांनी मिळून स्ट्रेचरवर घ्यायचं, लाकडाचा ओंडका उचलतात तसं. पाठीचा कणा दगडाने अर्धवट दुखावलेला असतो आणि ओढाताणीत पूर्ण जातो. स्ट्रेचर कुठे टांगलंय हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, आणि उघडून बघा, पट्टे आहेत का.

छातीत दुखणं हा विषय तर कोणी अपघात म्हणून धरतच नाही. आमच्या इनक्लाइनवर (खाणीत उतरायचा तिरका बोगदा) दुसऱ्या पाळीत एक सपोर्टमन घामाघूम झाले, डावा खांदा दुखतोय म्हणाले, जेवणाचा गॅस असेल म्हणाले. सोबतचे म्हणे चला हळूहळू चालत वर जाऊ, बाहेर हवा लागली की बरं वाटेल. ती चढण धडधाकट माणसाला धाप लावते हो. ओव्हरमनने त्यांना एक पाऊल चालू दिलं नाही, बसवलं, टेलिफोनवरून अँब्युलन्स इनक्लाइनच्या तोंडाशी मागवली आणि स्ट्रेचरवरून वर आणलं. डॉक्टरांनी अटॅकच सांगितला. ते वाचले, पुढे सरफेसला काम मिळालं. शुगरवाल्यांचंही तसंच, उपाशी पोटी पाळीला येतात आणि मध्येच थरथरायला लागतात, असंबद्ध बोलतात, लोकांना वाटतं पिऊन आलाय. माणूस गिळू शकत असेल तर आधी साखर द्या. माझ्या डब्यात कायम गुळाचे खडे असतात.

बंद पडलेल्या गॅलरीत कोणी कोसळलेला दिसला तर आत धावू नका. हे वाचायला कठोर वाटतं, पण ऑक्सिजन कमी असेल किंवा कार्बन मोनॉक्साइड असेल तर ना वास येतो ना काही दिसतं, आणि पहिल्याला काढायला गेलेला दुसरा त्याच्याच शेजारी पडतो. नियमाने कामाच्या जागी हवेत किमान 19 टक्के ऑक्सिजन पाहिजे, तो आहे की नाही हे डिटेक्टर सांगेल, नाक सांगणार नाही. सेल्फ रेस्क्युअर (विषारी हवेत श्वास घ्यायचं छोटं उपकरण) कंबरेला लावलेला असतो तो तुम्हाला स्वतःला बाहेर पडण्यासाठी असतो, कोणाला काढायला जाण्यासाठी नाही. तिथे रेस्क्यू टीमच लागते.

ओपनकास्टला आलो तेव्हा वाटलं आता डोक्यावर छत नाही, सुटलो. मे महिन्यात कळलं. चंद्रपूरचा उन्हाळा सांगायची गरज नाही, आणि खाली बेंचवर (खाणीतली पायरी) काळा कोळसा तापलेला, वारा नाही, मशीनची गरमी वेगळी. एक सर्व्हे हेल्पर पोरगा दुपारी दीडला वाकडा चालायला लागला, हाक मारली तर भलतंच उत्तर, अंगाला हात लावला तर तवा. बडबड आणि तापलेलं अंग म्हणजे उष्माघात, घाम येतोय की नाही याची वाट बघू नका. सावलीत घेतलं, शर्ट काढला, वॉटर टँकरचं पाणी अंगावर ओतत राहिलो, दोघं गमछ्याने वारा घालत होते, कँटीनमधून बर्फ आणून मानेला, काखेत, जांघेत लावला. तोंडात पाणी ओतू दिलं नाही कारण शुद्ध धड नव्हती, पाणी छातीत गेलं असतं. दवाखान्यात नेतानाही ओला ठेवला. तिसऱ्या दिवशी घरी गेला.

डंपरचं एवढंच सांगतो, ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही असंच धरून चाला. 100 टनी डंपरच्या पुढ्यात अख्खी बोलेरो लपते, म्हणून तर छोट्या गाड्यांवर उंच काठीला झेंडा लावतात. रात्रपाळीत दोन ते चारमध्ये डुलकी लागते, त्या वेळी हॉल रोडवर, म्हणजे डंपरच्या रस्त्यावर, पायी जाऊच नका.

जे दिसत नाही ते पण लिहितो. भरतीच्या वेळी मेडिकल होते आणि नंतर निदान दर पाच वर्षांनी पीएमई, म्हणजे ठरावीक काळाने होणारी मेडिकल, त्यात छातीचा एक्स-रे, फुप्फुसाची टेस्ट, कानाची टेस्ट वगैरे. पोरं ती सुट्टी समजून उरकतात. पहिल्या मेडिकलच्या रिपोर्टची प्रत मागून घ्या आणि घरी ठेवा, विशेषतः कानाची आणि एक्स-रेची. पंधरा वर्षांनी ऐकू कमी आलं किंवा धुळीने फुप्फुसं खराब झाली तर सुरुवातीला काय होतं हे दाखवायला तोच कागद लागतो. ड्रिलवर काम असेल तर पाणी चालू ठेवूनच ड्रिल करा, कोरडं ड्रिलिंग लवकर होतं पण ती धूळ छातीतून परत निघत नाही.

आणि कोणी ऐकतच नसेल तर वर्कमन्स इन्स्पेक्टर (खाणीतलाच, कामगारांच्या बाजूने तपासणी करणारा) असतो, सेफ्टी कमिटी असते, त्यात कामगारांचे लोक असतात. त्यांना लेखी द्या, पोच घ्या.

त्या काकांचं राहिलं. आठ महिन्यांनी त्यांची आयओडी मान्य झाली. कशामुळे, तर लॅम्प रूमच्या रजिस्टरमुळे. त्या दिवशी त्यांनी लॅम्प पाळी संपायच्या दोन तास आधी जमा केला होता, वेळेसकट नोंद होती, आणि मी व अजून एका ट्रॅमरने चौकशीत लेखी सांगितलं की त्या वेळी खाली काय झालं. माझं ते सांगणं आठ महिने उशिराचं होतं, याचं वाईट आजही वाटतं. तुमचा लॅम्प नंबर पाठ करून ठेवा, आणि लवकर वर यावं लागलं तर लॅम्प देताना बाबूने वेळ लिहिली की नाही ते तिथेच उभं राहून बघा.