विणकाम: स्वेटर उसवावा लागू नये म्हणून या चुका टाळा

स्वेटर अंगाला बसला नाही तर चूक शोधायला लोक गळा, बाही, खांदा तपासत बसतात. ती बहुतेक वेळा टाके घालण्याआधीच झालेली असते: मापाचा तुकडा विणून पाहिलेला नसतो.

हिशोब करून बघा. नमुन्यात १० सेंटीमीटरला २२ टाके दिलेत आणि तुमच्या हाताने २० बसतात. दोन टाक्यांनी काय होतंय, असं वाटतं. पण ९० सेंटीमीटर घेरासाठी १९८ टाके घालायचे असतात, आणि तेच १९८ टाके तुमच्या हाताने ९९ सेंटीमीटर भरतात. स्वेटर ९ सेंटीमीटरने ढगळ! हे कळतं तेव्हा पाठ विणून झालेली असते.

तुकडा चांगला १५ सेंटीमीटरचा विणा, कारण कडेचे टाके वेडेवाकडे असतात; मोजायचे ते मधले १० सेंटीमीटर. आधी तो धुऊन, सपाट पसरून वाळवा, कारण धुतल्यावर वीण सैलावते. टाके कमी भरले तर बारीक सुई घ्या, जास्त भरले तर जाड. मुद्दाम हात आवळून विणायच्या फंदात पडू नका, चार ओळींनी हात पुन्हा आपल्या वळणावर जातो.

सुईचा नंबरही फसवतो. ब्रिटिश पद्धतीत ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, अमेरिकी पद्धतीत ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. शिवाय ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकी वाढला की जाड. म्हणून नंबर सोडा, मिलिमीटर बघा.

लोकर एकदमच घ्या आणि प्रत्येक गुंड्याच्या लेबलवरचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक, जुळवा. वेगळ्या लॉटमधला रंगाचा फरक दिव्याखाली दिसत नाही, उन्हात पट्टा उठून दिसतो. दुसरा लॉट वापरावाच लागला तर दोन ओळी या गुंड्याच्या, दोन त्या, असं विणत जा.

आता नवख्यांची नेहमीची तक्रार: घातले ६० टाके, झाले ६३. ओळ सुरू करताना लोकर सुईवरून मागे ओढली गेली की पहिल्या टाक्याचे दोन पाय वर येतात आणि तो दोन टाक्यांसारखा दिसतो. तो दोनदा विणला की एक टाका वाढला. म्हणून ओळीच्या सुरुवातीला लोकर आधी खाली ओढून घ्या. दुसरी जागा म्हणजे उलट टाक्यावरून सुलट टाक्यावर जाताना. तेव्हा लोकर दोन सुयांच्या मधून मागे न्यायची. ती सुईवरून गेली तर जादा टाका तर होतोच, शिवाय त्याखाली भोकही पडतं. वाढलेले टाके पुढे जोडीने विणून संख्या जुळवता येते, पण भोक राहतंच. मी तरी तेवढ्या ओळी उसवते.

गळलेल्या टाक्याला मात्र उसवायची गरज नाही. आधी त्यात पिन अडकवा म्हणजे तो आणखी खाली जाणार नाही. कामाची सुलट बाजू समोर घ्या. गळलेल्या टाक्याच्या वर आडव्या धाग्यांची शिडी दिसेल. क्रोशाची सुई टाक्यात समोरून घाला, टाक्यामागचा सगळ्यात खालचा आडवा धागा हुकात पकडा आणि टाक्यातून पुढे ओढा. असं एकेक पायरी वर येत टाका सुईवर चढवा. मध्ये पायरी सुटली तर मागच्या बाजूला मोकळा धागा लोंबतो.

ओळ अर्ध्यात सोडून उठू नका. उठलातच, तर परतल्यावर गुंड्याला जोडलेला धागा ज्या सुईवर आहे ती उजव्या हातात धरा. नाहीतर दिशा उलटते.

एक ओळ सुलट, एक उलट अशा साध्या विणीच्या कडा गुंडाळतात, हा दोष तुमचा नाही. या विणीचा तो स्वभावच आहे. सुरुवातीला बॉर्डर आणि कडेला सगळ्या ओळी सुलट येतील असे तीन-चार टाके ठेवले की काम भागतं. कडा सपाट करायला ॲक्रिलिकवर मात्र गरम इस्त्री फिरवू नका, वीण कायमची लुळी पडते.

गळ्याचे टाके घट्ट बंद केले तर स्वेटर डोक्यातून जात नाही. टाके बंद करताना एक आकार जाड सुई घ्या.

भेट द्यायची असेल तर ती कोण धुणार, याचा विचार लोकर निवडतानाच करा. साधी मेंढीची लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की आकसून घट्ट होते, आणि पुन्हा मोकळी होत नाही. मशिनशिवाय कपडे न धुणाऱ्या घरात मशिनमध्ये चालेल असं लेबल असलेलीच लोकर द्यावी. तान्ह्या बाळासाठी तंतू सुटणारी लोकर नको आणि मोठ्या जाळीची वीणही नको, बोटं अडकतात. माप एक आकार मोठंच धरा. तुमचं विणून होईपर्यंत बाळ काही वाढायचं थांबत नाही. आणि भेटीसोबत लोकरीचं लेबल व हातभर धागा द्या, पुढेमागे भोक पडलं तर रफू करायला.