व्हीएचएस कॅसेट संगणकावर घेताना या चुका टाळा: दोष कॅप्चर यंत्राचा की आधीच्या साखळीचा?

आमच्या मावशीच्या लग्नाची कॅसेट १९९१ सालची, ई-१८०, म्हणजे तीन तासांची. काही वर्षांपूर्वी घरच्यांनी ती एका दुकानात देऊन तिची डीव्हीडी करून आणली. त्या डीव्हीडीत भटजींचं ‘सावधान’ ऐकू येतं आणि अक्षता पडतात त्यानंतर दोन सेकंदांनी. शिवाय चौकोनी चित्र ताणून रुंद पडद्याएवढं केलेलं, त्यामुळे सगळं वऱ्हाड बुटकं आणि गुबगुबीत. मूळ कॅसेट सुदैवाने टाकून दिली नव्हती. मी ती पुन्हा संगणकावर घेतली आणि तेव्हापासून नात्यातल्या, शेजारपाजारच्या कितीतरी कॅसेटी केल्या.

लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘कोणतं कॅप्चर डिव्हाइस (व्हीसीआरचा सिग्नल संगणकाच्या फाइलमध्ये उतरवणारं यंत्र) घेऊ?’ हा. माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. आधी कॅसेट, मग व्हीसीआर, मग यंत्र. पहिल्या दोन ठिकाणी बिघाड असेल तर दहापट महाग यंत्रसुद्धा तोच बिघाड प्रामाणिकपणे फाइलमध्ये उतरवतं.

सुरुवातीलाच होणारी चूक: कॅसेट सरळ व्हीसीआरमध्ये घालणं

कॅसेटच्या काचेतून फीत उजेडात धरून बघा. गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके, पावडर किंवा जाळीसारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे. कोकणात आणि मुंबईत पंचवीस-तीस पावसाळे कपाटात काढलेल्या कॅसेटींना ती हमखास लागते. अशी कॅसेट एकदा चालवली की बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या टोकावर, आणि ते बसवलेल्या फिरत्या ड्रमवर बसते आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक कॅसेटला लागते. बुरशीवाली कॅसेट बाजूला ठेवा. ती साफ करण्याचं काम वेगळं आहे, चिकाटीचं आहे आणि ते चांगल्या व्हीसीआरमध्ये करायचं नसतं.

दुसरं काम दोन सेकंदांचं. कॅसेटच्या पाठच्या कडेवर छोटी प्लॅस्टिकची पट्टी असते, ती तोडून टाका. ती शाबूत असेल तर चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाऊन लग्नावर निळा पडदा छापला जाऊ शकतो. लग्नाच्या कॅसेटवर एखादी मालिका टेप झाल्याच्या गोष्टी त्या काळच्या अनेक घरांत आहेत. ती चूक आता पुन्हा व्हायला नको.

बुरशी नसेल तर कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे घ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी गुंडाळलेल्या फितीचा ताण त्याने सारखा होतो. ऐन पावसाळ्यात हे काम काढू नका. थंड खोलीतून दमट खोलीत आणलेल्या व्हीसीआरच्या ड्रमवर दव जमतं आणि ओली फीत ड्रमला चिकटते.

हेड साफ करताना

चित्रभर बर्फासारखी मुरमुर असेल तर आधी हेड साफ करा. कापसाच्या इअरबडने हे काम कधीही करू नका, कापसाचा तंतू हेडच्या टोकात अडकतो आणि टोक तुटतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं शॅमॉय चामडं किंवा तंतू न सोडणारं कापड ड्रमवर हलकेच स्थिर धरायचं आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवायचा. कापड वर-खाली घासलं की हेड गेलंच म्हणून समजा. नवा व्हीसीआर मिळणार नाही, कारण शेवटपर्यंत ते बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवलं. जो आहे तो जपून वापरायचा.

यंत्रांची तुलना रेझोल्यूशनवरून करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून इथे थोडा थांबतो.

आपल्याकडची पाल ही टीव्ही सिग्नलची पद्धत सेकंदाला २५ फ्रेम देते, आणि प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेषांच्या दोन अर्धचित्रांची विणलेली असते. प्रत्येक फ्रेममध्ये ६२५ रेषा असतात, त्यातल्या ५७६ दिसणाऱ्या, आणि प्रत्येक रेषा ६४ मायक्रोसेकंदांची. हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात फीत रबरी पट्ट्यांवर आणि मोटरवर चालते, ती कुठे किंचित ताणलेली असते, कुठे सैल. त्यामुळे एक रेषा जरा लांब येते, दुसरी जरा आखूड. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे सांभाळून घ्यायचा. कॅप्चर यंत्र मात्र हिशोबी असतं. रेषा वेळेवर आली नाही की ते गोंधळतं: वरचा भाग वाकतो, कडा थरथरतात किंवा अख्खी फ्रेमच गळते. म्हणून खोक्यावर ‘१०८० पी’ लिहिलंय का, हे बघू नका. डळमळीत सिग्नल आला की यंत्र काय करतं, एवढंच बघायचं. व्हीएचएसला ७२० × ५७६ पुरेसं असतं.

आता बाजारात भेटणाऱ्या जाती.

‘ईझीकॅप’ नावाची यूएसबी दांडी सगळ्यात स्वस्त. अडचण अशी की हे नाव एका यंत्राचं राहिलेलंच नाही. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या डब्यांत वेगवेगळ्या चिप असतात आणि प्रत्येकीचा ड्रायव्हर वेगळा. मित्राकडे उत्तम चालली म्हणून तुम्ही मागवलेली चालेलच असं नाही. काही चिप सिग्नल जरा बिघडला की निळा किंवा काळा पडदा दाखवतात, काही पांढऱ्या रंगाचा सगळा तपशील जाळतात. नवरदेवाचं पांढरं उपरणं आणि नवरीच्या गजऱ्यातली फुलं म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो. सरावासाठी घ्यायला हरकत नाही, पण घरातली एकुलती एक लग्नाची कॅसेट तिच्या भरवशावर सोडू नका.

हॉपॉजचं यूएसबी-लाइव्ह२ किंवा जपानच्या आय-ओ डेटाचं जीव्ही-यूएसबी२ ही त्यावरची पायरी. आत कोणती चिप आहे ते ठाऊक असतं, ड्रायव्हर ठरलेला असतो आणि कॉम्प्रेस न केलेला सिग्नल संगणकाला मिळतो. घरगुती कामाला मी याच वर्गातलं यंत्र सुचवतो. एल्गाटोचं व्हिडिओ कॅप्चर वापरायला फार सोपं आहे, पण त्याचं सॉफ्टवेअर थेट कॉम्प्रेस केलेली ६४० × ४८० ची फाइल देतं. पालच्या ५७६ रेषा दाबून ४८० केल्या की दोन अर्धचित्रांची वीण उसवते आणि ती नंतर परत घालता येत नाही.

कॅनोपसचं एडीव्हीसी-११० जुनं आहे आणि फायरवायर या जुन्या जोडणीवर चालतं, म्हणजे तसा पोर्ट असलेला संगणक हवा. त्याचा मोठा गुण म्हणजे आवाज आणि चित्र एकमेकांना बांधून येतात. डीव्ही फाइल तासाला साधारण १३ जीबी होते. रंग थोडे दबतात, पण ‘सावधान’ आणि अक्षता एकाच वेळी हव्या असतील तर हे यंत्र अजूनही भरवशाचं.

ब्लॅकमॅजिकचं इंटेन्सिटी शटल नाव आणि किंमत बघून घेतलं जातं. ते स्टुडिओतल्या स्थिर सिग्नलसाठी आहे. मध्ये टीबीसी, म्हणजे रेषांची वेळ दुरुस्त करणारं यंत्र, नसेल तर ते व्हीएचएसच्या डळमळीत सिग्नलवर फ्रेम गाळतं. उत्तम यंत्र चुकीच्या कामाला लावल्याचं हे उदाहरण.

आणि एव्हीचं एचडीएमआय करणारा छोटा डबा, त्यापुढे एचडीएमआय कॅप्चर. ही जोडी टाळाच. तो डबा सेकंदाच्या ५० अर्धचित्रांची स्वतःच्या मर्जीने सरमिसळ करतो, चित्र ताणून १०८० करतो आणि बहुतेक वेळा ६० हर्ट्झवर नेतो. लेझीम किंवा फुगडी बघताना हालचाल अडखळते ती यामुळे.

टीबीसी नाही, मग काय?

व्यावसायिक टीबीसी महाग आणि दुर्मीळ. जेव्हीसी आणि पॅनासॉनिकच्या काही वरच्या एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. तसा व्हीसीआर मिळाला तर दुहेरी फायदा, कारण त्याला एस-व्हिडिओची गोल पिनही असते. व्हीएचएस फितीवर उजेड आणि रंग वेगवेगळे नोंदलेले असतात. पिवळ्या पिनेतून ते एकत्र करून पाठवायचे आणि यंत्राने पुन्हा वेगळे करायचे, हा उलटा उद्योग एस-व्हिडिओमुळे वाचतो.

गरिबाचा टीबीसी म्हणजे जुना डीव्हीडी रेकॉर्डर. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी ओळखले जातात. त्यात रेकॉर्ड काहीच करायचं नाही. व्हीसीआरची पिन त्याच्या इनपुटला, त्याचं आउटपुट कॅप्चर यंत्राला. वाकडं झालेलं वरचं टोक सरळ होतं. साधा डीव्हीडी प्लेअर यासाठी चालत नाही, इनपुट असलेला रेकॉर्डरच हवा.

दोष कुठे आहे हे न शोधता यंत्र बदलणं

घरात सेट-टॉप बॉक्स असतो आणि बऱ्याच बॉक्सना अजून एव्ही आउटपुट असतं. व्हीसीआर काढा आणि त्या जागी सेट-टॉप बॉक्स जोडून अर्धा तास कॅप्चर करा. चित्र स्वच्छ आलं, आवाज जुळला, तर यंत्र आणि संगणक निर्दोष आहेत. बिघाड व्हीसीआरमध्ये किंवा फितीत आहे. सेट-टॉप बॉक्सचंही चित्र अडखळलं तर यूएसबी हब काढून यंत्र थेट संगणकाच्या मागच्या पोर्टला लावा, दुसरी एव्ही केबल वापरून बघा, ड्रायव्हर बघा. या अर्ध्या तासाने माझे कितीतरी रविवार वाचले आहेत.

चित्र काय सांगतं तेही वाचायला शिका. आडवा मुरमुरीचा पट्टा वर-खाली सरकत असेल तर व्हीसीआरचं ट्रॅकिंग (हेड फितीवरच्या नोंदीशी जुळवणारं बटण) हळूहळू फिरवा, आणि प्रत्येक कॅसेटला ते नव्याने जुळवा, कारण चित्रीकरण वेगळ्या कॅमेऱ्यावर झालेलं असतं. चित्राच्या अगदी तळाशी चार-आठ रेषांची फाटकी किनार दिसते ती बिघाड नव्हे. एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाताना ती प्रत्येक व्हीएचएसमध्ये येते, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती लपायची. चित्र काळं-पांढरं किंवा सतत गडगडत वर जात असेल तर कॅसेट अमेरिकेतून आलेली आहे का, ते विचारा. तिकडच्या नातेवाइकांनी बारसं किंवा गणपतीची पाठवलेली कॅसेट एनटीएससी असते: ५२५ रेषा, सेकंदाला २९.९७ फ्रेम. आपले बरेच व्हीसीआर ती चालवतात, पण बाहेर देतात तो ना धड पाल ना धड एनटीएससी असा सिग्नल. टीव्ही तो दाखवतो, कॅप्चर यंत्र गोंधळतं. सॉफ्टवेअरमध्ये ‘पाल-६०’ किंवा ‘एनटीएससी ४.४३’ निवडून बघा, नाहीतर खरा एनटीएससी सिग्नल देणारा व्हीसीआर शोधा.

आवाज पुढे, चित्र मागे

मावशीच्या डीव्हीडीतला हा दोष मला नंतर नीट कळला. याची कारणं दोन. एक, आवाज यंत्रात न घालता संगणकाच्या माइकच्या भोकात घालणं. मग चित्राचं घड्याळ वेगळं, आवाजाचं वेगळं आणि तीन तासांत फरक वाढत जातो. लाल-पांढऱ्या पिना त्याच कॅप्चर यंत्रात लावा. दोन, गळलेल्या फ्रेम. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर करताना उजवीकडे गळलेल्या आणि भरलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो. तो तासाला दोन-चार असेल तर सोडून द्या. भराभर वाढत असेल तर तिथेच थांबा आणि टीबीसीचा बंदोबस्त करा. संकलनात आवाज सरकवून हे दुरुस्त होत नाही, कारण फ्रेम एका जागी गळलेल्या नसतात. दुकानातून परत आलेल्या फाइलीतही हाच धागा पकडा: फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असेल तर तो सरकवून जातो, वाढत जात असेल तर कॅप्चरच पुन्हा करावं लागतं.

सॉफ्टवेअरच्या चुका

ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सगळ्यांकडे असतं म्हणून तेच उघडलं जातं. ते मूळ सेटिंगवर ठेवलं तर ७२० × ५७६ चं चित्र मोठ्या पडद्याच्या मापात बसवतं आणि २५ फ्रेमच्या ३० करतं. वापरायचंच तर मापही ७२० × ५७६ ठेवा, फ्रेम ५० आणि डीइंटरलेस (अर्धचित्रांची पूर्ण चित्रं करणं) ‘याडिफ २एक्स’. माझी निवड मात्र व्हर्च्युअलडब: चित्र दोन अर्धचित्रांसकट, जसं आहे तसं, हफीयूव्ही किंवा एफएफव्ही१ या तपशील न गमावणाऱ्या प्रकारात साठवायचं. फाइल तासाला ३०-४० जीबी होते. ती मूळ प्रत, तिला कात्री लावायची नाही. बघण्यासाठी, व्हॉट्सॅपवर पाठवण्यासाठी तिच्यावरून दुसरी छोटी एमपी४ करायची आणि डीइंटरलेस तेव्हाच. मापाचं गुणोत्तर ४:३ ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या. मावशीकडचं वऱ्हाड एवढ्याने उंच झालं.

कॅप्चर बरोबर ४ जीबीला थांबत असेल तर यंत्राला दोष देऊ नका. डिस्क फॅट३२ पद्धतीची आहे, तिच्यात त्याहून मोठी फाइल मावत नाही, ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. त्याने तिच्यातला मजकूर पुसला जातो, तेव्हा आधी तो दुसरीकडे काढून ठेवा.

पहिला प्रयोग कधीही लग्नाच्या कॅसेटवर नको. टीव्हीवरचा जुना सामना किंवा तसलंच काही टेप केलेली कॅसेट घ्या, सगळी साखळी तिच्यावर जुळवा आणि मगच लग्नाची घाला. म्हातारी फीत किती वेळा नीट चालेल हे आधी कळत नाही. एखादी पहिल्याच फेरीत सगळ्यात स्वच्छ दिसते आणि दुसऱ्या फेरीत तिचा थर हेडवर उतरतो.

काम झाल्यावर पूर्ण फाइल शेवटपर्यंत बघेपर्यंत तारा सोडवू नका. मावशीच्या कॅसेटमध्ये विहिणींच्या पंगतीनंतर आठ मिनिटं काळा पडदा होता. मी तिथेच थांबणार होतो. त्यापुढे चित्रीकरणवाल्याने कॅमेरा चालू ठेवून मंडपाबाहेर नेला होता, आणि तिथे आजोबा खुर्चीवर बसून आचाऱ्याशी हिशोब करत होते. आजोबांचा हलता-बोलता तेवढाच तुकडा आमच्याकडे आहे. फाइल दोन डिस्कवर ठेवली, कॅसेट पूर्ण मागे घेऊन सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात उभी ठेवली आणि डबा मावशीला नेऊन दिला.