कोंबडी आणि बोकड यांची शरीररचना घरच्या टेबलावर कशी ताडून पाहावी

पक्षी आणि सस्तन प्राणी दोघेही उष्ण रक्ताचे असतात, दोघांच्याही हृदयाला चार कप्पे असतात आणि दोघांनाही दिवसभर भरपूर प्राणवायू लागतो. मात्र त्यांचे समान पूर्वज सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीचे असून तेव्हापासून दोन्ही घराणी स्वतंत्रपणे घडत आली आहेत. त्यामुळे वरून सारखा वाटणारा अवयव कापून पाहिला की आतली बांधणी बहुधा निराळी निघते. हा फरक पाहण्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेची गरज नाही; ठाण्यात किंवा नवी मुंबईत घराजवळच्या चिकन-मटणाच्या दुकानातून लागणारे जवळजवळ सर्व साहित्य मिळते. प्रत्येक अवयव हातात घेताना त्याचे नाव काय, हे आधी विचारू नये. तो कोणते काम करतो आणि त्याच्या शेजारी काय आहे, हे आधी पाहावे.

दुकानातून काय आणावे

रविवारी सकाळी रांगेत उभे राहून खाटकाला असल्या मागण्या सांगू नयेत. सोमवार, गुरुवार आणि शनिवार अनेक घरांत पाळले जात असल्याने त्या दिवशी गर्दी कमी असते, पण त्याच कारणाने बोकडही कमी कापले जातात. बुधवारी किंवा शुक्रवारी सकाळी लवकर जाणे उत्तम.

चिकनवाल्याकडून कातडीसह, मान आणि श्वासनळी न काढलेली अख्खी कोंबडी मागावी आणि शक्य असल्यास पोट न फोडलेली घ्यावी. ब्रॉयलर चालेल, परंतु अंडी देणारी गावठी कोंबडी मिळाली, तर डाव्या बाजूला लहानमोठ्या पिवळ्या बलकांचा घोस दिसेल. बहुतेक पक्ष्यांत केवळ डावे अंडाशयच पूर्ण वाढते, ही गोष्ट तिथेच लक्षात येते. मटणवाल्याला श्वासनळी, फोपसा (फुफ्फुस) आणि दिल एकमेकांपासून न तोडता द्यायला सांगावे. सोबत एक गुर्दा (मूत्रपिंड), थोडी वजडी (जठराचे तुकडे), एक पाया आणि जमल्यास न फोडलेली मुंडी घ्यावी.

रबरी हातमोजे, धारदार कात्री, नवे ब्लेड, दोन मोठ्या सुया, भिंग, सायकलचा पंप आणि पांढरा प्लास्टिकचा ट्रे एवढी हत्यारे पुरतात. कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेला जिवाणू असू शकतात. म्हणून ट्रे आणि कात्री पुन्हा स्वयंपाकात वापरू नयेत आणि ज्यावर प्रयोग केला ते मांस शिजवून खाण्याचा मोहही टाळावा. खाडीकाठी मेलेला पक्षी सापडला, तरी तो घरी आणू नये. त्यात रोगाचा धोका आहेच, शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्ष्याचे अवशेष बाळगणे हा गुन्हा ठरू शकतो.

सुरुवात श्वासनळीपासून

पुष्कळ मार्गदर्शिका हाडांपासून सुरू होतात. माझ्या मते सुरुवात श्वासाच्या वाटेपासून करावी, कारण दोन्ही घराण्यांतले सर्वांत मोठे अंतर तिथे दिसते. कोंबडीची श्वासनळी दोन बोटांत धरून गोल फिरवावी. ती सर्व बाजूंनी सारखीच कडक लागते, कारण तिच्या कूर्चेची कडी पूर्ण गोल असतात. बोकडाच्या नळीची कडी मागच्या बाजूला अपुरी असतात आणि त्या फटीत मऊ पडदा व स्नायू असतात. पुढे कोंबडीची नळी जिथे दुभंगते, तिथे पक्ष्याचा आवाज निर्माण करणारा अवयव असतो. सस्तन प्राण्यांत हे काम गळ्याच्या वरच्या टोकाला असलेले स्वरयंत्र करते. बोकडाच्या नळीत आणखी एक गंमत शोधावी: ती दुभंगण्यापूर्वीच तिच्यातून उजव्या फुफ्फुसाच्या पुढच्या पाळीकडे एक वेगळी शाखा निघते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत ही शाखा असते, माणसात नसते.

आता पंप घ्यावा. तोंडाने हवा कधीही फुंकू नये. बोकडाच्या नळीत पंपाची नळी घट्ट बांधून हळूहळू हवा भरली, की फोपसा फुगतो आणि सोडली की आक्रसतो. चाकूचा धक्का लागून छिद्र पडले असेल, तर तेवढा भाग दोऱ्याने बांधून घ्यावा. कोंबडीचे पोट फोडलेले नसेल, तर तिच्या नळीतही अशीच हवा सोडावी. छातीपेक्षा पोट अधिक फुगलेले पाहून प्रथम आश्चर्य वाटते. त्यानंतर पोट एका बाजूने अलगद उघडल्यास आतड्यांभोवती पातळ, पारदर्शक पडद्याच्या पिशव्या दिसतात. त्या हवेच्या पिशव्या होत; पक्ष्यांत त्या साधारण आठ-नऊ असतात. खरी फुफ्फुसे मात्र फासळ्यांना आतून चिकटलेली दोन लहान, गुलाबी, चपटी पाने असतात. ती नखाने सोडवून काढली की पाठीवर फासळ्यांचे खोल ठसे दिसतात. साफ केलेल्या कोंबडीतही खाटीक बहुधा हा भाग तसाच सोडतो.

हे फुफ्फुस श्वासागणिक जवळजवळ फुगतच नाही. आत घेतलेली हवा प्रथम बहुतांशी मागच्या पिशव्यांत जाते, तिथून फुफ्फुसातून पुढच्या पिशव्यांत येते आणि मग बाहेर पडते; एका घोटाभर हवेचा हा प्रवास पूर्ण व्हायला दोन श्वास लागतात. फुफ्फुसातल्या बारीक नळ्यांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते. सस्तन प्राण्यांत ती ज्या वाटेने आत येते त्याच वाटेने परत जाते, म्हणून शिळी हवा थोडीफार मागे उरतेच. फरक उघड्या डोळ्यांनी पाहायचा असेल, तर दोन्ही फुफ्फुसांचे तुकडे पाच मिनिटे उकळून घट्ट करावेत, गार झाल्यावर ब्लेडने सपाट कापावेत आणि भिंगाखाली धरावेत. कोंबडीच्या कापात जवळजवळ बसवलेल्या बारीक नळ्यांची छिद्रे दिसतात. बोकडाच्या कापात फांद्यांसारख्या लहानमोठ्या नळ्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये वायुकोशांचा सच्छिद्र गर असतो.

बोकडाच्या छातीला आणि पोटाला वेगळे करणारा मांसल पडदा कोंबडीत शोधून सापडत नाही. पक्ष्यांत स्नायूंचे श्वासपटल नसते. छातीचे हाड खाली-वर होते आणि पिशव्यांचा भाता चालतो.

पंख वर कसा जातो

कोंबडीच्या छातीची कातडी काढून मधल्या उभ्या हाडाच्या एका बाजूचे मोठे मांस वरच्या कडेने हळूच सुटे करावे. त्याखाली लांबट, निमुळता दुसरा स्नायू असतो. बाजारात बोनलेस चिकन घेताना सुटी पडणारी पट्टी ती हीच. तिच्या खांद्याकडच्या टोकाला पांढरी चिवट दोरी असते. तो स्नायू चिमटीत धरून शेपटीच्या दिशेने ओढला की पंख वर उचलला जातो. पंख वर उचलणारा स्नायू पाठीवर नसून छातीवर आहे, आणि त्याची दोरी खांद्याच्या तीन हाडांमधल्या छिद्रातून कप्पीवरच्या दोरासारखी वळून वर जाते. वरचा मोठा स्नायू पंख खाली खेचतो. वजनदार स्नायू असे खालीच राहिल्याने उडताना पक्ष्याचा तोल सांभाळला जातो.

येथेच मांसाच्या रंगाकडेही लक्ष द्यावे. छातीचे मांस फिके असते, कारण ते थोड्या वेळाच्या जोरदार फडफडीपुरते घडलेले आहे. मांडीचे स्नायू दिवसभर चालण्याचे काम करतात. त्यांत प्राणवायू साठवणारे मायोग्लोबिन अधिक असल्याने ते गडद दिसतात. दूरवर उडणाऱ्या पारव्यात हाच हिशेब उलटतो आणि छातीचे मांसच गडद लाल असते.

पंखाचे सर्वांत वरचे हाड स्वच्छ करून खांद्याकडच्या टोकाजवळ भिंगाने पाहावे. तिथे एक छिद्र सापडेल. हवेच्या पिशवीचा फाटा त्यातून हाडात शिरतो. श्वासनळी बंद झाली तरी या हाडाच्या मोडलेल्या टोकातून पक्षी श्वास घेऊ शकतो, असे जॉन हंटर या शल्यविशारदाने अठराव्या शतकात दाखवले होते. बोकडाच्या नळीच्या हाडात हवेऐवजी मगज भरलेला असतो, हे कोणत्याही मटणप्रेमीला सांगावे लागत नाही.

दिल, गुर्दा आणि पोट

हृदय आडवे कापल्यास दोघांतही डावी भिंत जाड आणि उजवी पातळ दिसते. उजवा कप्पा उभा उघडल्यावर बोकडात झडपेला धरून ठेवणारे पांढरे तंतू दिसतात. कोंबडीत त्या जागी तंतूविना एकच मांसल झडप असते. महाधमनीची कमान पक्ष्यांत उजवीकडे आणि सस्तन प्राण्यांत डावीकडे वळते, पण खाटीक ती बहुधा आखूड कापतो.

बोकडाचा गुर्दा गुळगुळीत, शेंगदाण्यासारख्या आकाराचा असून उभा चिरल्यावर बाहेरचा गडद आणि आतला फिका थर स्पष्ट दिसतात. कोंबडीची मूत्रपिंडे पाठीच्या हाडाच्या खोबणीत रुतून बसलेली, तीन-तीन पाळ्यांची आणि इतकी मऊ असतात की सोडवताना तुटतात. पक्ष्याला मूत्राशय नसते. युरिक आम्ल पांढऱ्या लगद्याच्या रूपाने विष्ठेबरोबर बाहेर पडते.

कोंबडीचा पेटा (जठराचा जाड, मांसल भाग) चिरून आतली पिवळसर कडक साल सोलून पाहावी. दात नसलेल्या पक्ष्याचे दळण तिथे, गिळलेल्या खड्यांच्या मदतीने होते. वजडीच्या एका बाजूला केसाळ आणि दुसऱ्या तुकड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी असेल, तर बोकडाच्या जठराच्या चार कप्प्यांपैकी पहिले दोन हाती आले असे समजावे.

मुंडीच्या मागच्या बाजूला, मज्जारज्जूच्या छिद्राशेजारी, मानेवर टेकणारे दोन उंचवटे असतात. कोंबडीच्या कवटीला तिथे एकच गोळी असते. मानेचे मणके बोकडात ७ आणि कोंबडीत १४ च्या आसपास. घुबड मान २७० अंशांपर्यंत वळवू शकते, त्यामागे ही एक गोळी आणि मणक्यांची मोठी संख्या यांचा हात आहे.

रक्ताचा थेंब

ऊतींच्या पातळीवर एकच गोष्ट पाहायला वेळ असेल, तर रक्त पाहावे. १०० मिलीलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ०.९ ग्रॅम मीठ विरघळवावे. दोन्ही हृदयांच्या कप्प्यांतले रक्त वेगवेगळ्या सुयांनी घेऊन त्या पाण्यात पातळ करावे, प्रत्येकाचा एक थेंब काचपट्टीवर ठेवून वर पातळ काच बसवावी. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे मिथिलीन ब्लू फिके निळे होईपर्यंत पातळ करून काचेच्या कडेला एक थेंब सोडावा. शाळेतल्या ४०० पट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून कोंबडीच्या लांबट, अंडाकृती तांबड्या पेशी दिसतात आणि त्यांच्या मध्यभागी निळे केंद्रक असते. बोकडाच्या पेशींत केंद्रक नसते आणि त्या फार लहान असतात. सुमारे ३ ते ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर कोंबडीच्या साधारण १२ मायक्रॉन लांब आणि ७ मायक्रॉन रुंद. सस्तन प्राण्यांची तांबडी पेशी पक्व होताना केंद्रक बाहेर टाकते. पक्ष्यांची ते आयुष्यभर बाळगते. हाच प्रयोग मिठाऐवजी साध्या पाण्यात करावा: बोकडाच्या पेशी फुटून नाहीशा होतात, कोंबडीच्या फुटल्या तरी केंद्रके मागे उरतात.

जिवंत पक्ष्यावर पडताळा

पायाचे पाहणे शेवटी ठेवावे. बोकडाच्या पायातले लांब हाड दोन हाडे जुळून झालेले असते व त्याच्या पुढच्या बाजूला जोडाची खाच दिसते. कोंबडीच्या खवलेदार पायातले हाडही घोट्याची आणि तळपायाची हाडे एकरूप होऊन बनलेले असते. हे हातात पाहिल्यावर ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायला जावे. उलटा वाकलेला वाटणारा त्यांचा गुडघा हा प्रत्यक्षात घोटा असतो. खरा गुडघा पिसांखाली पोटालगत लपलेला असतो. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात हे पक्षी येथे असतात. ओहोटीला ते खाडीच्या चिखलावर दूर पसरतात आणि भरतीला नेरूळकडच्या पाणथळींत विसाव्याला येतात, म्हणून दुर्बीण घेऊन काठावर जाणाऱ्यांनी भरतीची वेळ गाठावी.