रिपोर्टमधला अवघड इंग्रजी शब्द कसा फोडावा?

पावसाळ्यात ठाण्यात कुणाचा ताप दोन-तीन दिवस उतरला नाही, की डॉक्टर सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी, करायला सांगतात. संध्याकाळी लॅबकडून मोबाइलवर पीडीएफ येते आणि आकड्यांच्या खाली एक शब्द असतो: थ्रॉम्बोसायटोपेनिया. घरातलं कुणीतरी तो गुगलवर टाकतं, दोन लिंक उघडल्या की ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं, नाव दिसतं आणि सगळं घर हादरतं. डेंग्यूत प्लेटलेट कमी होणं नेहमीचं आहे, आणि शब्दात लिहिलेलंही तेवढंच असतं: प्लेटलेट कमी झाल्यात. आपल्या माणसाच्या शरीरात काय चाललंय हे कळायला डॉक्टर असायची गरज नाही, शब्द फोडता आला पाहिजे. शाळेत समासाचा विग्रह करायचो तसाच.

आधी स्पेलिंग उतरवून घ्या

ऐकीव शब्दावर विसंबू नका. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त, आणि घाईत फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. ऐरोलीहून भावाचा फोन आला, ‘आईला हायपो-काहीतरी ग्लायसेमिया झालाय’, तर तिथेच थांबवून स्पेलिंग विचारा. हायपोग्लायसेमियात साखर खाली गेलेली असते, माणूस शुद्धीवर असेल तर लगेच काहीतरी गोड द्यावं लागतं. हायपरग्लायसेमियात साखर आधीच वाढलेली असते. इलियम तर आणखी फसवा: एका स्पेलिंगने लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसऱ्या स्पेलिंगने कमरेचं हाड. म्हणून नातेवाइकांना शब्द टाइप करून पाठवण्यापेक्षा कागदाचा फोटो पाठवावा.

शेपटाकडून वाचा

वैद्यकीय इंग्रजीतले बरेचसे शब्द ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून झालेले आहेत. शेवटचा तुकडा काय घडलंय ते सांगतो, त्याच्या आधीचा कुठे किंवा कशाचं ते सांगतो.

थ्रॉम्बोसायटोपेनिया घ्या. शेवटी पेनिया, म्हणजे कमतरता. मधला सायटो म्हणजे पेशी. थ्रॉम्बो म्हणजे रक्ताची गुठळी. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, म्हणजेच प्लेटलेट, कमी झाल्या आहेत. मोठ्या माणसात त्या साधारण 1,50,000 ते 4,50,000 असतात, एका मायक्रोलिटर रक्तात. आता हेच तुकडे दुसरीकडे लावून बघा. ल्युको म्हणजे पांढरा, तर ल्युकोपेनिया म्हणजे पांढऱ्या पेशी कमी. शेवटी सायटोसिस आलं तर पेशी वाढल्या: ल्युकोसायटोसिस. पॅन म्हणजे सगळं, म्हणून पॅन्सायटोपेनियात लाल, पांढऱ्या आणि प्लेटलेट तिन्ही कमी. एक शब्द नीट फोडला की सीबीसीचा अर्धा कागद वाचता येतो.

मात्र शब्द ‘किती’ आणि ‘कशामुळे’ हे सांगत नाही. प्लेटलेट 1,40,000 असो की 20,000, कागदावर शब्द तोच. कारण डेंग्यू असेल, मलेरिया असेल, एखादं औषध असेल किंवा यकृताचा आजारही असेल. थ्रॉम्बोसायटोपेनिया हे आजाराचं नाव नाही, तपासणीत काय दिसलं त्याचं नाव आहे. हा फरक लक्षात राहिला तर गुगलवरची निम्मी भीती जाते. आणि तापाच्या रुग्णाला पोटात जोरात दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा ग्लानी असेल, तर कागद बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठा.

पुन्हा पुन्हा येणारी शेपटं

आयटिस म्हणजे दाह, सूज: हिपॅटायटिस, अपेंडिसायटिस. मेगॅली म्हणजे अवयव मोठा झालाय. लिथियासिस म्हणजे खडे, सोनोग्राफीत कोलेलिथियासिस लिहिलं असेल तर पित्ताचे खडे. एमिया रक्ताशी जोडलेलं, शेपटातलं युरिया (uria) लघवीशी. शस्त्रक्रियेच्या कागदावर तीन जुळ्यासारखे शब्द येतात, ते सही करण्याआधी नीट बघा: एक्टॉमी म्हणजे अवयव किंवा त्याचा भाग काढून टाकणं, ऑटॉमी म्हणजे छेद देणं, ऑस्टॉमी म्हणजे नवं तोंड तयार करणं. कोलेक्टॉमी आणि कोलोस्टॉमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओमा या शेपटापाशी सावध राहा. त्याचा अर्थ गाठ असा सांगतात, पण लिपोमा ही बहुधा निरुपद्रवी चरबीची गाठ, लिम्फोमा हा कॅन्सर, हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त आणि ग्लॉकोमा हा चक्क डोळ्यांचा आजार. इथे नुसता विग्रह चालत नाही, पूर्ण शब्दच विचारावा लागतो.

अवयवांना अनेकदा दोन नावं असतात, एक ग्रीक, एक लॅटिन. नेफ्रॉलॉजिस्टकडे गेलात आणि त्यांनी रीनल प्रोफाइल लिहून दिलं, तरी दोन्ही मूत्रपिंडाचंच.

शेजारचे शब्द सोडू नका

ॲक्यूट म्हणजे गंभीर, असं सर्रास समजलं जातं. ॲक्यूट म्हणजे अचानक सुरू झालेलं, क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चाललेलं. किती गंभीर, ते माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर हे शब्द सांगतात. अनरिमार्केबल म्हणजे वेगळं काही आढळलं नाही, ती चांगली बातमी आहे.

खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात उपचारांसाठी राज्यभरातून माणसं येतात. असे कागद हातात घेऊन बसलेल्यांना मी एक गोष्ट कळकळीने सांगेन: ग्रेड आणि स्टेज यांची गल्लत करू नका. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते, स्टेज म्हणजे आजार शरीरात किती पसरलाय ते. आणि सोनोग्राफीत ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ असेल, तर त्या ग्रेडचा कॅन्सरशी काही संबंध नाही. यकृतावर चरबी साठायला लागलीय, एवढाच त्याचा अर्थ.

शब्द वापरायचा कुठे?

डॉक्टरांसमोर. ओपीडीत वेळ थोडा असतो, ‘रिपोर्ट कसा आहे?’ विचारलं तर ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी विग्रह करून आपल्या भाषेत वाक्य तयार ठेवा: ‘डॉक्टर, यात प्लेटलेट कमी आहेत असं लिहिलंय, मी बरोबर समजलोय ना? कशामुळे कमी झाल्या असतील? पुढची सीबीसी कधी करायची? आकडा किती खाली गेला तर ॲडमिट करायचं?’ उत्तरं तिथेच, त्या शब्दाशेजारी पेनाने लिहून घ्या आणि तारीख टाका, म्हणजे पुढचा रिपोर्ट आला की दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडा वर चाललाय की खाली, ते घरी बसूनही बघता येईल.