‘इन्फॉर्मेटिक्स’ हा शब्द वापरताना या चुका टाळा

‘इन्फॉर्मेटिक्स’ म्हणजे कॉम्प्युटरच्या मदतीने माहिती साठवण्याचं, हाताळण्याचं आणि वापरण्याचं शास्त्र. दहावीचा निकाल लागला की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : “सीबीएसईचं इन्फॉर्मेटिक्स प्रॅक्टिसेस म्हणजे कॉम्प्युटर सायन्सच ना?” नाही. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा दोन्हीकडे आहे, पण इन्फॉर्मेटिक्समध्ये भर डेटा हाताळण्यावर, आलेख काढण्यावर. कोडही वेगळे : इन्फॉर्मेटिक्सचा ०६५, कॉम्प्युटर सायन्सचा ०८३. फॉर्मवर खूण करण्याआधी कोड बघाच.

भाषांतरात तर फार घोळ होतो. हिंदीतलं ‘सूचना विज्ञान’ उचलून मराठीत आणू नका. आपल्याकडे सूचना फलकावर लागते, शिक्षक वर्गात देतात. १९७६ साली स्थापन झालेल्या एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणकसेवा संस्थेला ‘राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र’ म्हणतात, ते विशेषनाम म्हणून तसंच राहू द्या. मग ‘माहितीशास्त्र’? शब्द चांगला आहे, पण ‘ग्रंथालय आणि माहितीशास्त्र’ हा अभ्यासक्रम आपल्याकडे जुना, त्यामुळे वाचकाला आधी ग्रंथपालच आठवतो. मी ‘इन्फॉर्मेटिक्स’च लिहितो आणि पहिल्याच उल्लेखात एका वाक्यात अर्थ सांगतो.

जर्मनीला शिकायला निघालेल्यांनी जास्त सांभाळायला हवं. जर्मन संगणकतज्ज्ञ कार्ल श्टाइनबुख यांनी १९५७ मध्ये वापरलेल्या ‘इन्फॉर्माटिक’चा तिथे आज सरळ अर्थ संगणकशास्त्र असा होतो. त्याचं ‘आयटी’ करू नका. पदवीच वेगळी वाटते.

इंग्रजीत मात्र या शब्दाआधी बहुधा एखादं क्षेत्र जोडलेलं असतं : बायो, हेल्थ. तिथे ‘हेल्थ इन्फॉर्मेटिक्स म्हणजे हॉस्पिटलातले कॉम्प्युटर सांभाळणं’ हा गैरसमज मला सगळ्यात जास्त खटकतो. समजा, चार केसपेपर आहेत. एकावर ‘मधुमेह’, दुसऱ्यावर ‘डायबेटिस’, तिसऱ्यावर ‘डीएम’, चौथ्यावर नुसतं ‘शुगर आहे’. डॉक्टरांना चारही कळतात. कॉम्प्युटर मात्र चार वेगळे आजार मोजतो, आणि तालुक्यात मधुमेहाचे रुग्ण किती, हा आकडा चुकतो. औषधांची मागणीही मग चुकीचीच जाते. आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या कोडच्या यादीमध्ये टाइप-२ मधुमेहाला ई११ हा कोड आहे. चौघांनाही टाइप-२ असल्याची डॉक्टरांकडून खात्री करून चारही कागदांवर तो एकच कोड यावा, तोही रांगेतल्या रुग्णांचा खोळंबा न करता, अशी व्यवस्था बसवणं हे हेल्थ इन्फॉर्मेटिक्सचं काम.

आणि हो, फिजिक्ससारखाच हा शब्दही एकवचनी. शेवटचा ‘स’ खाऊन ‘इन्फॉर्मेटिक विषय’ असं लिहू नका.