इराणी हॉटेलात न्याहारी कशी करावी

मुंबईत धोबीतलाव येथील कयानी (स्थापना 1904) किंवा पुण्यात डेक्कनवरील गुडलक (स्थापना 1935) येथे शक्यतो सकाळी लवकर जावे, कारण पाव तेव्हाच ताजा असतो. चहा मागताना ‘पानी कम’ म्हणावे, म्हणजे दाट, दुधाळ आणि कडक चहा मिळतो.

बन आणि ब्रून यांतील फरक आधी समजून घ्यावा. बन मऊ व किंचित गोड असतो, तर ब्रूनचे कवच इतके कडक असते की तो चहात बुडवल्याशिवाय दातांनी तोडण्याचा हट्ट धरू नये. तुकडा बशीतल्या चहात क्षणभरच धरावा. अधिक वेळ ठेवल्यास पाव विरघळतो आणि मस्का चहावर तरंगू लागतो, जो माझ्या मते दोषच नव्हे. भूक मोठी असेल तर खिमा-पाव मागवावा आणि शेवटी मावा केक घ्यावा.

बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानियाचा (स्थापना 1923) बेरी पुलाव मात्र दुपारच्या जेवणाचा पदार्थ आहे. त्यासाठी वेगळा दिवस राखून ठेवावा. गर्दीच्या वेळी संगमरवरी टेबलावर अनोळखी माणूस समोर येऊन बसल्यास संकोच करू नये.