तुटत आलेल्या नात्यात माफी कशी मागावी

पश्चात्तापाच्या भरात रात्री दोन वाजता लिहिलेला लांबलचक मेसेज पाठवू नका. त्यात बहुतेक वेळा 'मला किती त्रास होतोय' हेच भरलेलं असतं. ज्याला तुम्ही दुखावलं, त्यालाच मग तुमची समजूत काढावी लागते.

त्याऐवजी कागदावर एकच वाक्य लिहा: मी नेमकं काय केलं? 'मी चुकलो' एवढ्यावर थांबू नका. 'चारचौघांत मी तुझ्या पगाराची टिंगल केली' इतकं ते स्पष्ट हवं. त्यात 'पण' आला, किंवा 'तुला वाईट वाटलं असेल तर' आलं, तर खोडा. त्या 'तर'मुळे चूक पुन्हा समोरच्याच्या माथी जाते. खाली दुसरं वाक्य: आता मी काय करणार? तेही तपासता येईल असं असावं. 'नीट वागेन' हे कुणाला मोजता येत नाही. 'पैशांचा कुठलाही निर्णय तुला विचारल्याशिवाय घेणार नाही' हे मोजता येतं.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रॉय लेविकी यांनी सहकाऱ्यांसह 2016 मध्ये माफीचे सहा घटक तपासले. सर्वाधिक वजन चुकीच्या कबुलीला मिळालं, त्याखालोखाल भरपाईच्या तयारीला. 'मला माफ कर' ही विनंती सर्वांत मागे राहिली. त्यांनी लोकांपुढे ठेवलेला काल्पनिक प्रसंग नोकरीतला होता, पण आमच्या मते नात्यात हे अधिकच लागू पडतं. म्हणून क्षमा मागून लगेच उत्तराची वाट पाहू नका.

बोलण्याआधी वेळ विचारा. अर्धा तास पुरे. आपली दोन वाक्यं सांगा आणि गप्प बसा. समोरून जुनी यादी निघेल, त्यातले काही तपशील चुकीचेही असतील. तिथे दुरुस्ती करायला गेलात की माफीचा खटला होतो. जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगा, बरोबर समजलं का ते विचारा.

कान तापले, छाती धडधडू लागली, तर थांबा. नाडी मिनिटाला 100 च्या वर गेली की ऐकलेलं डोक्यात शिरत नाही, असं जोडप्यांवर संशोधन करणारे जॉन गॉटमन सांगतात. शरीर शांत व्हायला किमान 20 मिनिटं लागतात. मात्र 'आठ वाजता परत बोलू' असं सांगून उठा आणि आठला खरंच या. न सांगता निघून गेलात तर तो अबोला ठरतो. मधल्या वेळात मनातल्या मनात भांडण चालू ठेवलंत, तर त्या 20 मिनिटांचा काहीच उपयोग नाही.

पुढचे काही आठवडे फक्त ते दुसरं वाक्य पाळा. महागडी भेट नको, रोज 'अजून राग आहे का?' नको. आशा असू द्या, पण तिचा तगादा लावू नका.

मारहाण, धमक्या किंवा पाळत असेल, तर यातलं काहीही लागू नाही. तिथे आधी दुखावलेल्याची सुरक्षितता. आणि उत्तर 'नाही' आलं, तर 'समजलं' एवढंच लिहा. मित्रमैत्रिणींकरवी निरोप धाडू नका.